थाई तुळस : परसबागेतील लागवड

थाई तुळस हा लॅमिएसी कुलातील ओसिमम बॅसिलिकम या जातीचा एक प्रकार असून थायलंडमध्ये त्याला होराफा म्हणतात. ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो तो सब्जा याच जातीचा आहे. वृंदावनातील तुळस मात्र निराळ्या जातीची असून तिचा एक प्रकार थाई स्वयंपाकात कफ्राव या नावाने वापरला जातो. होराफाचे खोड जांभळट व चौकोनी, पाने टोकदार व समोरासमोर असतात. तिचा बडीशेपेची आठवण करून देणारा वास मुख्यतः मिथिल चॅव्हिकॉल या घटकाचा होय.

थायलंडमध्ये घरामागच्या वाफ्यात मिरची आणि गवती चहाच्या सोबतीने ती लावतात. रोज सुमारे सहा तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती तिला पुरते. थंडी मात्र सोसत नाही आणि तापमान १० अंश सेल्सिअसखाली गेले की पाने काळी पडू लागतात. बी भिजताच त्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते, म्हणून ते मातीवर पसरून वर अगदी पातळ थर द्यावा व पाणी फवाऱ्यानेच घालावे. उबदार हवेत ५ ते १० दिवसांत अंकुर दिसतात. पेरापाशी कापलेली फांदी पाण्यात ठेवली तरी मुळे फुटतात, आणि घरच्या गरजेला हा मार्ग अधिक सोयीचा आहे.

लागवडीचे खरे कौशल्य शेंडे खुडण्यात आहे. रोप वीतभर झाले की पानांच्या जोडीच्या लगेच वर शेंडा खुडावा. त्या जोडीच्या दोन्ही बगलांतून नव्या फांद्या निघतात, त्यांचेही शेंडे पुढे असेच खुडत गेल्यास झाड उंच न वाढता डेरेदार होते. जांभळ्या मंजिऱ्या सुंदर दिसतात, पण त्या राखल्यास नवी पाने कमी येतात व जून होतात. म्हणून त्या कोवळ्या असतानाच काढाव्यात. नुसती खालची पाने ओरबाडण्याची सवय झाडाला मारक ठरते. पाणी सकाळी मुळाशी द्यावे, कारण दाटीत रात्रभर ओली राहिलेल्या पानांच्या खालच्या बाजूस केवडा रोगाची करडी बुरशी धरते.

हिरव्या थाई रश्शात पाने आच बंद करण्याच्या बेतात घालतात. व्हिएतनाममध्ये ती फो या शेवयांच्या सूपच्या वाडग्यासोबत कच्चीच वाढतात. बियाणे राखायचे असल्यास शेजारी सब्जा नसावा, कारण मधमाश्यांमुळे दोहोंचा सहज संकर होतो.