चार मीटरच्या आत म्हणजे 'छोटी गाडी'? अर्धंच खरं

गणपतीच्या आधी गाडी घ्यायची म्हटली की कुडाळ-चिपळूणकडे सल्ला हमखास मिळतो: "चार मीटरच्या आतली घे, कर कमी. जगभर तोच नियम." यातलं पहिलं अर्धवट, दुसरं साफ चूक.

4 मीटरची रेघ आपली, भारतातली. 2006च्या अर्थसंकल्पातून आलेली. पण लांबीला इंजिनाची अट जोडलेली आहे: पेट्रोल 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500. फोर्डची इकोस्पोर्ट 4 मीटरच्या आत बसायची, तरी 1.5 लिटर पेट्रोलवालीला लहान गाडीचा दर मिळाला नाही. 22 सप्टेंबर 2025पासून दोन्ही अटी पाळणारीला जीएसटी 18 टक्के, न पाळणारीला 40. विजेच्या गाडीचा हिशेबच वेगळा: 5 टक्के, लांबी कितीही असो.

जपानची केई कार म्हणजे तिथला सर्वांत लहान गाड्यांचा वर्ग: जास्तीत जास्त 3.40 मीटर लांबी, 1.48 रुंदी, 660 सीसी. स्विफ्ट त्यात शिरतच नाही. ती एक पायरी वर, जिथे रुंदीची हद्द 1.70 मीटर. म्हणून तिथली नवी स्विफ्ट 1,695 मिमी रुंद, आपल्याकडची 1,735. दोन चिरेबंदी गडग्यांमधून आरसे मिटून गाडी काढणाऱ्याला हे 40 मिमी बरोबर कळतील!

युरोपातला छोट्या गाड्यांचा 'बी सेगमेंट' ही बाजाराची ढोबळ विभागणी, तिला मोजपट्टी नाही. आणि अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था कारचा वर्ग ठरवताना बाहेरची लांबी बघतच नाही. माणसांची आणि सामानाची आतली जागा घनफुटांत मोजते.