मांसल कोंबडीपालन : कोल्हापूर जिल्हा

मांसल कोंबडीपालन : केवळ मांसासाठी निपजवलेल्या संकरित कोंबड्या एक दिवसाच्या पिलापासून कापणीयोग्य वजनापर्यंत वाढवण्याचा व्यवसाय. अशा कोंबडीला ब्रॉयलर म्हणतात. कोल्हापूरच्या बाजारात मात्र ‘बॉयलर’ हाच उच्चार रुळला आहे आणि घरच्या परसात चरणाऱ्या कोंबडीला तिच्यापासून वेगळी काढण्यासाठी ‘गावठी’ म्हटले जाते. ब्रॉयलरच्या घडणीत नराकडून कॉर्निश आणि मादीकडून व्हाइट प्लायमाउथ रॉक या जातींचा मोठा वाटा आहे. भारतात या संकरित वाणांचा प्रसार होण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या आणि आज पुण्यात मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीज या उद्योगसमूहाचे काम महत्त्वाचे ठरले. त्यांचा ‘वेनकॉब’ हा पक्षी महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगला परिचयाचा आहे.

अंड्यातून बाहेर पडलेले पिलू ४० ते ४५ ग्रॅम वजनाचे असते आणि सुमारे ३५ ते ४० दिवसांत ते दोन किलोंच्या आसपास पोचते. ही वाढ पाहून ‘इंजेक्शन देऊन कोंबडी फुगवतात’ असा समज गावोगाव पसरला आहे. तो खरा नाही. हजारो पक्ष्यांना एकेक करून वारंवार टोचणे ना शक्य असते ना परवडणारे, आणि त्याची गरजही नसते, कारण हा वेग पिढ्यानपिढ्या केलेल्या निवडीतून आणि संतुलित खाद्यातून आलेला आहे. खरी अडचण वेगळीच आहे. छातीचे मांस ज्या वेगाने भरते त्या वेगाने हृदय, फुप्फुसे आणि पायांची हाडे तयार होत नाहीत. परिणामी काही पक्ष्यांच्या पोटात पाणी साठते (जलोदर), काही पाय पसरून बसतात, तर काही धडधाकट दिसत असतानाच उताणे पडून मरतात. म्हणून निरोगी वजन याचा अर्थ पक्ष्याच्या पायांना आणि हृदयाला पेलेल इतके वजन असा घ्यावा लागतो. काट्यावरच्या आकड्याइतकेच पक्षी उठून खाद्यापर्यंत कसा चालत जातो हेही पाहणे आवश्यक असते.

जिल्ह्याच्या बारा तालुक्यांत हवामान एकसारखे नाही. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पश्चिमेकडील भागांत पावसाळा जबर असतो, तर शिरोळ, हातकणंगले या पूर्वेकडील तालुक्यांत पाऊस कमी आणि उन्हाळा कडक असतो. शेड पूर्व-पश्चिम लांबीची, साधारणपणे तीस फुटांपेक्षा कमी रुंदीची आणि दोन्ही बाजूंना जाळी असलेली बांधतात, म्हणजे ऊन थेट आत येत नाही व वारा आरपार जातो. प्रत्येक पक्ष्याला सुमारे एक चौरस फूट जागा धरतात. उन्हाळी बॅचला (एका वेळी वाढवायच्या पक्ष्यांच्या गटाला) ती थोडी जास्त ठेवणेच शहाणपणाचे असते. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठच्या गावांत २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर शेडसाठी उंचवट्याची जागा हा खर्चाआधी विचारात घ्यायचा मुद्दा झाला आहे.

पिले येण्याआधी शेड चुना व जंतुनाशकाने स्वच्छ करून जमिनीवर दोन-तीन इंच जाडीचे लिटर, म्हणजे पक्ष्यांखालचा ओल शोषणारा कोरडा थर, पसरतात. भाताचे तूस त्यासाठी उत्तम. भुईमुगाच्या शेंगांची टरफलेही चालतात. साखर कारखान्यांच्या या मुलखात बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) सहज मिळण्याजोगा असला, तरी तो ओल धरतो आणि त्यावर बुरशी लवकर चढते, त्यामुळे नीट वाळवल्याखेरीज तो वापरू नये.

संपूर्ण बॅचचे भवितव्य पहिल्या आठवड्यातच ठरते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पिलाला या काळात स्वतःचे शरीर ऊबदार ठेवता येत नाही; म्हणून बल्ब, गॅस ब्रूडर किंवा कोळशाच्या शेगड्यांनी पिलांच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान राखतात आणि पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवतात. तापमापकापेक्षा पिलेच अधिक नेमके सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर उष्णता जास्त आहे, आणि सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असली तर सर्व ठीक आहे. अनुभवी शेतकरी पिलू उचलून त्याचे तळवे आपल्या गालाला लावतो. ते गार लागले तर वरची हवा कितीही उबदार असली तरी खालचे तूस थंड आहे. पिले उतरवल्यावर प्रथम पाणी द्यावयाचे असते, आणि प्रवासाचा शीण जावा म्हणून त्यात गूळ विरघळवतात. काही तासांनी गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी हलकेच चाचपतात : ती मऊ, भिजवलेल्या पिठासारखी लागली तर पिलाने खाल्लेही आहे आणि प्यायलेही आहे, कडक लागली तर पाणी कमी पडले, रिकामी असेल तर त्या पिलाला भांडे सापडलेलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जवळजवळ सर्व पिलांची पिशवी भरलेली असावी. सातव्या दिवशी पिलू जन्मवजनाच्या चौपटीवर, म्हणजे १७० ते १९० ग्रॅमपर्यंत गेले पाहिजे. येथे मागे पडलेली बॅच पुढे क्वचितच भरून निघते.

एकूण खर्चापैकी सुमारे दोन तृतीयांश खर्च खाद्यावर होतो. खाद्याचा मुख्य भाग मका (ऊर्जेसाठी) आणि सोयापेंड (प्रथिनांसाठी) यांचा असून त्यात तेल, खनिजे, जीवनसत्त्वे व आवश्यक अमिनो आम्ले मिसळतात. पहिल्या दहा दिवसांच्या प्री-स्टार्टर खाद्यात प्रथिने २२ ते २३ टक्के, त्यानंतरच्या स्टार्टरमध्ये २१ टक्क्यांच्या आसपास आणि तिसऱ्या आठवड्यानंतरच्या फिनिशरमध्ये १९ ते २० टक्के असतात. ऊर्जा मात्र वाढवत नेतात. एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य लागले या गुणोत्तराला सर्वत्र एफसीआर म्हणतात. ते १.६ राहिले तर दोन किलोंचा पक्षी ३ किलो २०० ग्रॅम खाद्य खातो. पाणी खाद्याच्या दुप्पट आणि उन्हाळ्यात त्याहूनही जास्त लागते. पाणी कमी झाले की खाणे आपोआप घटते. पावसाळ्यात मका दमट राहिला तर त्यावर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन तयार होते. हे विष यकृत खराब करते, वाढ खुंटवते आणि लसीचा परिणामही कमी करते. म्हणून पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचतात, आणि वास आलेले किंवा गाठी झालेले खाद्य कितीही किमतीचे असले तरी पक्ष्यांना घालू नये.

वाढीला थोडा लगाम घालणे हिताचे असते. पहिल्या आठवड्यानंतर रोज रात्री चार ते सहा तास अंधार ठेवल्यास पक्षी विसावतो, हाडे बळकट होतात आणि हृदयावरचा ताण कमी होतो. दिवसरात्र दिवे लावून खाऊ घालण्याच्या हव्यासापायी शेवटच्या आठवड्यात होणारी मरतूक ही टाळता येण्याजोगी हानी आहे.

पावसाळ्यातले मोठे दुखणे म्हणजे ओले लिटर. मूठभर तूस आवळून सोडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला तर ओल फार झाली. ते सैल होऊन विस्कटले पाहिजे. ओल्या तुसातून अमोनिया सुटतो. उभ्या माणसाला तो जाणवत नसला तरी पक्ष्याच्या उंचीवर वाकून श्वास घेतला की डोळे चुरचुरतात. तळव्यांवरच्या जखमा, श्वासाचे विकार आणि रक्ती हगवण यांना हीच स्थिती पोषक असते. जाळीवरचे पडदे पूर्ण बंद न करता वरची फट उघडी ठेवणे, लिटर रोज खालीवर करणे, ओला थर काढून चुना मिसळणे हे त्यावरचे उपाय होत. उन्हाळ्यात कोंबडीला घाम येत नसल्याने ती धापा टाकूनच उष्णता बाहेर काढते. दुपारी खाद्य काढून घेऊन पहाटे व रात्री देणे, छपरावर उसाचे पाचट पसरणे आणि बाजूंना ओली पोती टांगणे येथे रूढ आहे.

पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत (मानमोडी) रोगाची लासोटा लस, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरो रोगाची लस आणि त्यानंतर लासोटाची पुन्हा मात्रा देतात. प्रतिजैविके पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत, आणि कापणीपूर्वीचा ठरलेला वर्ज्यकाळ (औषध बंद ठेवण्याचे दिवस) पाळणे हे खाणाऱ्याच्या आरोग्यासाठीचे कर्तव्य आहे. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा खाद्यप्राण्यांतील वापर केंद्र सरकारने २०१९ साली बंद केला.

पुष्कळ शेतकरी कंपनीच्या करारावर बॅच घेतात : पिले, खाद्य व औषधे कंपनीची, शेड, वीज व मेहनत शेतकऱ्याची, आणि मोबदला किलोमागे. बाजारभावाचा धोका त्यामुळे कमी होतो, पण पक्षी कधी उचलायचे हे कंपनी ठरवते. स्वतंत्र बॅच घेणारा मात्र आखाडातील मागणी आणि श्रावणातील मंदी डोळ्यांसमोर ठेवूनच पिले टाकतो. किरकोळ दुकानांसाठी १.८ ते २.२ किलोंचा पक्षी सोयीचा असतो. भाव येईल या आशेने पक्षी आठवडाभर जास्त ठेवला, तर तो वजन घेतो हे खरे, परंतु त्या प्रत्येक किलोला अधिक खाद्य लागते आणि पायांचे विकारही बळावतात.

कापणीपूर्वी आठ ते बारा तास खाद्य बंद करतात, म्हणजे आतडी रिकामी राहून मांस स्वच्छ निघते. पाणी मात्र पकडायला सुरुवात होईपर्यंत ठेवावे. पक्षी रात्री मंद उजेडात, पंख न मोडता उचलावेत. साफ केल्यावर जिवंत वजनाच्या सुमारे ७० ते ७५ टक्के मांस मिळते. ते कोवळे असल्यामुळे लवकर शिजते, मात्र पांढऱ्या रश्श्याला जो दाट अर्क हवा असतो तो त्यातून कमी उतरतो, आणि म्हणूनच रश्श्यासाठी कोल्हापूरकर अजूनही मटण किंवा गावठी कोंबडीच पसंत करतात.

बॅच उठल्यावर शेड धुऊन किमान दोन आठवडे मोकळी ठेवतात. खाली उरलेले तूस आणि विष्ठा यांचे कोंबडखत कुजवून उसाच्या सरीत टाकले जाते; ऊस उत्पादकांकडून त्याला चांगली मागणी असते.