पैसा पेटीला मिळाला, वापराला नाही

2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये 50 हजार अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा केली. सहावीपासूनच्या मुलांना थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सोल्डरिंगची साधने हाताळता यावीत, हा हेतू. ज्यांच्या घरी शिकवणीला पैसे नाहीत आणि ऊसतोडीच्या हंगामात ज्यांची हजेरी विस्कटते, त्यांच्यापर्यंत सरकारी खर्चाने प्रयोग पोहोचवण्याची ही पहिलीच खेप मात्र नव्हे.

1964-66 च्या कोठारी आयोगाने उच्च प्राथमिक शाळेत प्रयोगशाळेचीही सोय असलेली वर्गखोली हवी, असे म्हटले होते. अनेक शाळांकडे तेव्हा साध्या वर्गखोल्याही पुरेशा नव्हत्या.

खरे काम घडले ते मध्य प्रदेशात. 1972 मध्ये होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत, म्हणजे तिकडच्या भाषेत सहावी ते आठवीच्या वर्गांत, किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी राज्य सरकारच्या परवानगीने होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली वाट सोडून गावात गेलेले अनिल सद्गोपाल त्याच्या मुळाशी होते. 1978 मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळा त्यात आल्या. 1982 पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला.

पुण्यात टेल्कोमध्ये इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून तिथे गेले. आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची काळी रबरी नळी मिळाली. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दोन्ही टोकांत आगपेटीच्या काड्या खोचल्या की सांधा तयार. तीन सांध्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो. छपराच्या कैचीत, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्यात, त्रिकोण का असतात, हे पोरांना फळ्याशिवाय कळते. हाच माणूस पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी खेळणी करत बसला.

पण होशंगाबादची गंमत नळीत नव्हती, हिशेबात होती. शाळेला दिलेल्या प्रयोगांच्या किटमधले फुटले-संपलेले सामान पुन्हा भरून मिळे. शिक्षकांची प्रशिक्षणे आणि दर महिन्याच्या बैठका सरकारी कामात धरल्या जात. परीक्षाही बदलली: पुस्तक उघडे ठेवून लेखी आणि शिवाय प्रात्यक्षिक. मुले आपले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरेही जात. एवढे सगळे 2002 मध्ये राज्य सरकारने बंद केले. या मुलांचे पुस्तक बाकीच्या राज्याहून वेगळे का, हा वाद तेव्हा गाजला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली.

आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 मध्ये सुरू झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात, नंतर मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम केले. पुस्तकाची भाषाच मुलांच्या आड येते, हा तिथला धडा आजही प्रयोगशाळेइतकाच महत्त्वाचा वाटतो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम उभारून आठवी ते दहावीसाठी कामातून शिक्षणाचा वर्ग शाळेत आणला.

दिल्लीचा पैसा मात्र वेगळ्या वाटेने वाहिला. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा मोहीम’ आली, विज्ञानाच्या पेट्या शाळोशाळी पोहोचल्या. पेटी आली की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, नोंद. काचेचे भांडे फुटले तर निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून कमी करण्याचा, कागद कोण करणार? त्यापेक्षा कपाटाला कुलूप बरे, असा विचार करणाऱ्या गुरुजींना मी तरी दोष देणार नाही. पुढे सर्व शिक्षा अभियानात साहित्यासाठी प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 500 रुपये मिळू लागले. रक्कम छोटी, पण खर्च गुरुजींच्या हातात. सरकारी कागदावर ही दुर्मिळ गोष्ट.

2015 च्या जुलैमध्ये डॉ. कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय आविष्कार अभियान सुरू झाले आणि 2016 मध्ये नीती आयोगाने अटल टिंकरिंग लॅबची योजना आणली. शाळेला एकूण 20 लाख: 10 लाख उभारणीला, 10 लाख पाच वर्षे चालवायला. चालवण्याचा खर्च उभारणीइतकाच धरला, ही पेट्यांच्या काळापेक्षा मोठी सुधारणा. अडचण अटींत होती. शाळेत सहावी ते दहावीचे वर्ग हवेत, सपाट प्रदेशात 1500 चौरस फूट जागा हवी, आणि खाजगी संस्थांच्या शाळांनाही दार उघडे. सातवीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा पहिल्याच अटीला गळाली. तिथल्या सहावीतल्या पोरांकडे आजही बहुधा काड्या आणि सायकलची नळीच असते, तीही गुरुजींनी सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, आणली असेल तर.