मावा, मुंग्या आणि गच्चीवरचा वाल

जानेवारीत इंदूरला पहाटे पारा बऱ्याचदा दहाच्या खाली असतो. आमच्या गच्चीवर ऊन यायला नऊ वाजतात. टाकीच्या कठड्याला दोऱ्या बांधून वालाचा वेल चढवला आहे आणि त्याच्या खाली तुळस. एका सकाळी तुळशीची पानं हाताला चिकट लागली, साखरेचा पाक सांडावा तशी. मान वर करून पाहिलं तर वालाच्या कोवळ्या शेंड्यावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढे काळे, चकचकीत ठिपके दाटीवाटीने बसलेले, आणि त्यांच्यामधून मुंग्यांची सारखी ये-जा. मावा पडला होता.

घरी भाजी लावणाऱ्या प्रत्येकाला मावा कधी ना कधी भेटतोच. कोबीवर राखाडी, भेंडीवर पिवळट हिरवा, वालावर काळा. पण तुळशीच्या पानांवर तो चिकटा का सांडतो, हे कळलं की अर्धी लढाई तिथेच सोपी होते.

माव्याला चावता येत नाही. त्याचं तोंड म्हणजे केसाहून बारीक सुई. ती तो देठात खुपसतो आणि जिथून झाडाचा गोड अन्नरस वाहतो त्या नळीपर्यंत पोहोचवतो. नळीत रसाचा दाब असतो, त्यामुळे फार ओढायचीही गरज पडत नाही. अडचण वेगळीच आहे. या रसात साखर भरपूर, पण अंग वाढायला लागणारी अमिनो आम्लं फार थोडी. ती पुरेशी मिळवायची तर रस भरमसाट प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूने थेंबाथेंबाने टाकून द्यावी लागते. तोच चिकटा. पुढे त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते, पान झाकलं जातं आणि झाडाला ऊन मिळेनासं होतं.

मुंग्या येतात त्या याच थेंबांसाठी. भिंग घेऊन पाच मिनिटं बसा. मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर हलके थोपटते, मावा थेंब सोडतो, मुंगी तो टिपते. गाईला पान्हवावं तसं. आणि गवळी जसा गोठा राखतो तशा मुंग्या मावा राखतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. म्हणून माझा पहिला उपाय मुंग्यांवर असतो. वेल जिथे कठड्याला, भिंतीला टेकतो ती जागा शोधायची, नको त्या फांद्या छाटायच्या, आणि कुंडी पाणी भरलेल्या परातीत विटांवर ठेवायची. डास होऊ नयेत म्हणून परातीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं.

माव्याची वाढ बघून धडकी भरते खरी. आपल्याकडच्या हवेत मावा बहुतेक नराशिवायच वाढतो. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, आणि आईच्या पोटात लेक असताना त्या लेकीच्या पोटात नातीची सुरुवात झालेली असते. पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होतं. एकीला पन्नास लेकी झाल्या असं धरा. नाती अडीच हजार, पणत्या 1,25,000.

हे गणित मी दोन वर्षांपूर्वी अनुभवलं. घाबरून दुकानातून एक जहाल औषधाची बाटली आणली आणि वेलावर सडकून फवारली. दुसऱ्या दिवशी वेल स्वच्छ. पंधरवड्याने मावा परत आला, आधीच्या दुप्पट. औषधाने मावा मेला तसे त्याला खाणारेही मेले होते. पानांच्या घड्यांत वाचलेल्या चार-दोन माव्यांना मग मोकळं रान मिळालं, कारण खाणाऱ्यांची संख्या माव्याच्या वेगाने कधीच वाढत नाही.

हे खाणारे ओळखता यायला हवेत. लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. त्याची अळी मात्र कुणी ओळखत नाही: लांबट, काळपट, अंगावर नारिंगी डाग, एखाद्या चिमुकल्या मगरीसारखी. आमच्या शेजारच्या काकू तिला वर्षानुवर्षं कीड समजून चिरडत होत्या. ही अळी वाढता वाढता शेकडो मावे फस्त करते. वांग्यावर मात्र सावध राहा. तिथे ढालकिड्यासारखाच दिसणारा एक भुंगा येतो, अंगावर बहुधा अठ्ठावीस ठिपके. तो चकाकत नाही, अंगावर बारीक लव असते, आणि तो पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करतो. त्याला खुशाल वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

दुसरा मित्र त्याहून लहान आहे, मुंगीपेक्षाही बारीक गांधीलमाशी. ती जिवंत माव्याच्या पोटात अंडं घालते. मावा फुगतो, तपकिरी, कागदासारखा कडक होतो आणि त्याच्या पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. असे फुगीर मावे दिसले की मी फवारणीचा विचार सोडून देते. या माशांच्या प्रौढांना मकरंद लागतो, म्हणून कोथिंबीर आणि शेपूची दोन-दोन रोपं तोडायची नाहीत, फुलू द्यायची.

आता मातीकडे येते, आणि इथे इंदूरकर म्हणून मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ इथल्या वनस्पती उद्योग संस्थेचे प्रमुख झाले. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. तिथे त्यांनी आणि यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. 1931 साली ती पुस्तकरूपाने आली आणि जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाऊ लागली. 1935 साली गांधीजी ती पाहायला आले होते.

हॉवर्ड यांचं म्हणणं होतं की कीड ही चुकीच्या लागवडीची खूण आहे. मला ते पूर्ण पटत नाही, उत्तम खतावरच्या वेलावरही मावा येतो. पण त्यात मोठं तथ्य आहे. युरियात 46 टक्के नत्र असतं. कुंडीत त्याची मूठ पडली की झाड लुसलुशीत होतं, रसातली अमिनो आम्लं वाढतात, म्हणजे माव्याला जे कमी पडत होतं तेच आपण वाढून देतो. कंपोस्टमधलं नत्र हळूहळू सुटतं. आम्ही भोकं पाडलेल्या ड्रममध्ये स्वयंपाकघरातला ओला कचरा, त्याच्या दुप्पट सुकी पानं आणि थोडं शेणाचं पाणी घालतो. मधूनमधून खालीवर करतो. आतून हात भाजेल इतकं ते तापतं. ते तापणं म्हणजे जिवाणूंचं काम जोरात चालल्याची पावती.

एवढं करूनही मावा वाढलाच तर आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा, पानाच्या खालच्या बाजूने. खाली पडलेला मावा सहसा वर चढत नाही. मग निंबोळी. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवून ठेवायच्या. आतल्या गराची 50 ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळायची, किंचित साबण घालायचा. यातलं अझाडिरॅक्टिन किड्यांची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं, त्यामुळे परिणाम दिसायला काही दिवस लागतात. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. वांग्यातली फळ पोखरणारी अळी मात्र आत दडलेली असते, तिच्यावर याचा उपयोग थोडा. तिथे मलूल पडलेला शेंडा कापून नष्ट करणं हाच खरा उपाय.

यंदा वालावर मी अजून काहीच फवारलेलं नाही. आज सकाळी तिसऱ्या दोरीजवळच्या पानाखाली ढालकिड्याचे तीन कोश चिकटलेले दिसले. काकूंना वर बोलावून दाखवले. त्या फांदीच्या शेंगा तयार आहेत, पण कोश फुटेपर्यंत आम्ही तिला हात लावणार नाही.