वर्गोन्नती : सोलापूर जिल्हा

वर्ष संपताना मुलाला पुढच्या इयत्तेत घालायचे की त्याच इयत्तेत ठेवायचे, या निर्णयाला शाळेच्या दप्तरात वर्गोन्नती म्हणतात. घरात बोलताना 'वर गेला', 'मागं राहिला' असे म्हणतात, आणि २०१० नंतर बोकाळलेला 'ढकलपास' हा शब्दही आहेच. सोलापूर जिल्ह्यात निकाल परंपरेने १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की वाटला जातो. निर्णय मात्र त्या दिवशी होत नाही. हजेरीपट, वर्षभराच्या नोंदी आणि पाचवी-आठवीच्या बाबतीत वार्षिक परीक्षेचे गुण यांतून तो आधीच ठरलेला असतो.

पूर्वी सातवीची 'व्हर्नाक्युलर फायनल' ही मोठी चाळणी होती. फायनल पास माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शकत असे, एवढे तिचे वजन होते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १६ ने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवणे आणि शाळेतून काढणे, दोन्हींना बंदी घातली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा घेण्याची आणि पुनर्परीक्षेनंतरही अनुत्तीर्ण राहिल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले, आणि २०२३-२४ च्या अखेरीस या दोन इयत्तांची पहिली परीक्षा झाली. शाळेतून काढण्याची बंदी कायम आहे. दोनदा नापास झालेल्या मुलालाही 'दाखला घेऊन जा' म्हणता येत नाही. हे पालकांना सहसा कोणी सांगत नाही.

पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीत आजही कोणी मागे राहत नाही. तेथे २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेले सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन चालते. त्याचे दोन भाग आहेत: आकारिक, म्हणजे वर्षभराचे, आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरचे. पहिली-दुसरीला आकारिक ७० व संकलित ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० व ४०, सहावीला निम्मे-निम्मे, तर सातवीला ४० व ६०. आकारिक गुण दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशा साधनांतून द्यायचे असतात. श्रेणी अ-१ पासून ई-२ पर्यंत. ३३ टक्क्यांच्या खाली, म्हणजे ई-१ किंवा ई-२ मध्ये गेलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन 'ड' किंवा त्यापुढे आणणे शाळेचे काम. 'ढकलपास'ची बदनामी झाली ती याच ठिकाणी. कायद्याने नापास करणे बंद केले होते, शिकवणे बंद केले नव्हते. पण 'ई' कागदावर येऊ नये म्हणून आकारिक गुण फुगवले की जादा मार्गदर्शनाचे कारणच उरत नाही.

पाचवीला प्रत्येक विषयाला ५० गुण असतात, त्यांतले १० तोंडी वा प्रात्यक्षिकाचे आणि ४० लेखी. आठवीला ६० गुण, १० तोंडी व ५० लेखी. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात ३५ टक्के लागतात: पाचवीला १८, आठवीला २१. परीक्षा दुसऱ्या सत्राच्या अभ्यासक्रमावर असते. कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण यांना श्रेणीच मिळते. त्यांत कोणी नापास होत नाही.

काठावरच्या मुलांसाठी सवलतीचे गुण आहेत. ते एकूण जास्तीत जास्त १०, तीन विषयांपर्यंत विभागून आणि एका विषयाला ५ हून अधिक नाहीत. चुका बहुधा इथेच होतात. पाचवीच्या मुलाला गणितात १५, इंग्रजीत १४ आणि परिसर अभ्यासात १७ असतील, तर ३, ४ व १ असे ८ गुण देऊन तो उत्तीर्ण होतो. पण एकट्या गणितात १२ असतील तर ६ गुण लागतात, ते देता येत नाहीत, आणि गणिताची पुनर्परीक्षा अटळ ठरते. 'एकूण १० आहेत ना, सगळे गणिताला टाका' हा हिशेब तपासणीत अडकतो. तोंडीचेही तसेच. सगळ्यांना सरसकट १० पैकी १० दिले की पाचवीच्या मुलाला लेखीत ४० पैकी ८ पुरतात. मग हातच्याची वजाबाकी न येणारा मुलगाही सहावीत जातो, आणि तिथे अपूर्णांक त्याची वाट पाहत असतात.

अनुत्तीर्ण मुलाला त्या-त्या विषयात जादा मार्गदर्शन देऊन, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची असते. सोलापुरात ती जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या सुमारास पडते. मे महिन्यात शिक्षक सुट्टीवर, मूल आजोळी आणि उन्हाचा पारा चाळिशीपार. त्यामुळे मार्गदर्शनाच्या नोंदवहीत तासिका भरलेल्या आणि वर्ग रिकामा, असे होऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिलला ठेवल्या गेल्या. १ मेच्या निकालाआधी तपासणी, गुणतक्ते आणि सवलतीच्या गुणांचा मेळ घालायला जेमतेम पाच दिवस उरले. घाईत केलेली बेरीज पुन्हा दुसऱ्याकडून तपासून घेणे हाच त्यावर उपाय.

पाचवी आणि आठवी हीच वर्षे निवडल्याचा एक परिणाम सोलापुरात ठळक दिसतो. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच आहेत, आणि कितीतरी हायस्कुले पाचवीपासून सुरू होतात. म्हणजे चाळणी लागते ती नेमकी नव्या शाळेतल्या पहिल्याच वर्षी. ज्या शिक्षकाने चार वर्षे शिकवले त्याच्याकडे निकाल नसतो, आणि निकाल ज्याच्या सहीने लागतो त्याला मूल जेमतेम दहा महिने ठाऊक असते. दाखल्याबरोबर संचयी नोंदपत्रक, म्हणजे मुलाच्या वर्षानुवर्षांच्या प्रगतीची नोंद, आले तर निदान मूल कुठे अडले आहे ते जुलैतच कळते. ते मागवून घ्यावे लागते, आपोआप येतेच असे नाही.

दुसरी अडचण भाषेची. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड आणि अनेक मोहल्ल्यांत उर्दू ही घरची भाषा आहे. जिल्ह्यात त्या माध्यमांच्या शाळा आहेत, तरी बरीच मुले मराठी शाळेत येतात. अशा मुलाचे गणित कच्चे आहे की शाब्दिक उदाहरणातली मराठी त्याला कळत नाही, हे लेखी गुणांवरून ठरत नाही. तोंडी परीक्षेत तेच उदाहरण घरच्या भाषेत विचारून पाहावे. उत्तर बरोबर आले तर जादा मार्गदर्शन भाषेचे द्यायचे, भागाकाराचे नव्हे.

तिसरा गट ऊसतोड कामगारांच्या मुलांचा. जिल्ह्यात साखर कारखाने बरेच असल्याने बीडसह इतर भागांतून टोळ्या येतात, आणि हंगाम संपला की मार्चच्या आसपास परततात. मूल दिवाळीनंतर इथे आणि परीक्षेला गावी. दोन्ही हजेरीपटांत ते अर्धेच. स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी पत्रक इथल्या शाळेने आकारिक नोंदींसह भरून द्यायला हवे. कोरे पत्रक घेऊन गेलेल्या मुलाचे आकारिक गुण गावची शाळा अंदाजाने टाकते. शाळाबाह्य मूल वयानुरूप सहावी ते आठवीत दाखल करतानाही आता पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, नाहीतर प्रवेश पाचवीत होतो.

कोरोनाच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, परीक्षा न घेताच पहिली ते आठवी, आणि नववी-अकरावीही, पुढे पाठवली गेली. त्या वेळच्या काही प्रगतीपत्रकांवर गुणांऐवजी कलम १६ नुसार 'वर्गोन्नत' असा शेरा आहे. जुनी कागदपत्रे पाहताना तो नापासाचा शेरा समजू नये.

नववीपासून कलम १६ चे कवच नाही. इथे काही शाळा कच्च्या मुलांना नापास करण्याऐवजी 'दाखला न्या आणि १७ नंबरचा अर्ज भरा' असे सुचवतात, कारण त्यांना दहावीचा शाळेचा निकाल जपायचा असतो. १७ नंबर ही खाजगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्यांची सोय आहे. नियमित विद्यार्थ्याला तिकडे वळवले की त्याचा रोजचा वर्ग सुटतो आणि पॉवरलूमवरचे (यंत्रमागावरचे) काम जवळ येते. दहावीला प्रश्न वर्गोन्नतीचा राहत नाही. निकाल राज्य मंडळाच्या पुणे विभागाकडून येतो, आणि एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीत प्रवेश घेऊन ते विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात.

शेवटची पायरी संगणकावरची. यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीवर प्रत्येक विद्यार्थी पुढे गेला की त्याच वर्गात राहिला हे भरायचे असते. सगळा वर्ग एका झटक्यात वर चढवण्याची सवय अजून गेलेली नाही. मग निकालपत्रकात पाचवीत असलेला मुलगा ऑनलाइन सहावीत दिसतो, पटसंख्या जुळत नाही, आणि पटावर ठरणाऱ्या संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदे मंजूर होण्याच्या, वेळी दोन्ही वर्गांचे आकडे चुकतात. म्हणून पुनर्परीक्षेचा निकाल हाती येईपर्यंत अनुत्तीर्णांच्या नोंदी तशाच थांबवून ठेवाव्यात.