उन्हाळ्यात कुत्र्याला फिरवणे

पाळीव कुत्र्याची रोजची फेरी कडक उन्हाच्या दिवसांत त्याच्या जिवावर बेतू नये, यासाठी वेळ, रस्ता, चाल आणि पाणी यांबाबत घ्यावयाच्या काळजीचा विचार या नोंदीत केला आहे. महाराष्ट्रात ही काळजी होळीपासून मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत घ्यावी लागते. विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या उन्हाचा, तर मुंबई, कोकण आणि गोव्यात दमट हवेचा त्रास अधिक असतो. मे महिन्याची धास्ती सगळेच घेतात. मात्र फेब्रुवारी-मार्चमधले पहिले तापलेले दिवसही तितकेच फसवे असतात, कारण कुत्र्याच्या शरीराला उष्म्याची सवय व्हायला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसापेक्षा थोडे अधिकच असते. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांमध्ये असल्या, तरी त्यांनी अंग थंड होत नाही. खरा आधार धापा टाकण्याचा. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारा कुत्रा तापल्यावर तीनशेपर्यंत श्वास घेतो. अशा वेळी नाकाच्या आतील ओलसर अस्तरावरून आणि लोंबत्या जिभेवरून पाण्याची वाफ होते आणि तिच्यासोबत उष्णता बाहेर पडते. हवेतच बाष्प भरपूर असेल, तर ही वाफ होणे मंदावते. त्यामुळे पारा फार चढलेला नसतानाही किनारपट्टीवरचे कुत्रे बेजार होतात. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींमध्ये श्वासाची वाटच अरुंद असल्याने धापा टाकण्याचे कष्टच अंगात आणखी उष्णता निर्माण करतात. २००३ मध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे पगला अफाट लोकप्रियता मिळाली. त्याला आपले हवामान मानवते का, हा विचार मात्र मागेच राहिला. लठ्ठ, वयस्कर आणि हृदयविकार असलेल्या कुत्र्यांनाही धोका अधिक असतो. कारवानी, पश्मी यांसारखे सडपातळ देशी शिकारी कुत्रे उष्णता बरी सोसतात, पण भर दुपारी पळवले तर तेही कोसळू शकतात.

फिरायला निघताना मोबाइलवर दिसणाऱ्या तापमानावर विसंबून चालत नाही. हवामान खाते हवेचे तापमान सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर मोजते. पगचे पोट रस्त्यापासून जेमतेम वीतभर वर असते आणि पाय तर थेट डांबरावरच. हवेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असताना उन्हातले डांबर ६० अंशांपर्यंत तापू शकते आणि तेवढ्या तापमानाला थोड्याच वेळात कातडी भाजते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नये. पाय भाजलेला कुत्रा लंगडतो, पंजे सारखे चाटतो, आणि गादीचा वरचा थर सुटून आतला लालसर भाग दिसू लागतो. डांबर, सिमेंटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक दिवसभर शोषलेली उष्णता सूर्य मावळल्यावरही बराच वेळ सोडत राहतात. म्हणून संध्याकाळच्या फेरीपेक्षा पहाटेची फेरी केव्हाही सरस. संध्याकाळी जायचेच असेल, तर उशिरा, माती किंवा गवताच्या वाटेने जावे.

वेळ साधली म्हणून धोका टळत नाही. ब्रिटनमधील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या २०१६ सालच्या पशुवैद्यकीय नोंदी तपासल्या असता, उष्णतेने आजारी पडलेल्या आणि कारण नोंदलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांच्या बाबतीत श्रम हेच कारण आढळले. बंद मोटारीत अडकलेले त्यामानाने कमी होते. चेंडू फेकला की लॅब्रॅडॉर थकला तरी धावतोच, धन्याच्या सायकलीमागे पळणाराही आपणहून थांबत नाही. म्हणून फेरी केव्हा आटोपायची, हे माणसानेच ठरवावे. पाणी सोबत ठेवून थोडे थोडे पाजावे. तोंड आवळणाऱ्या मुसक्याने धापा टाकता येत नाहीत. मुसके आवश्यकच असेल, तर जाळीचे, आत तोंड उघडता येईल असे वापरावे. केसाळ कुत्र्याची हजामत करून त्याला गारवा मिळतो, हा समजही तपासून घ्यावा, कारण दुहेरी केसांचा थर उन्हापासून कातडीचे रक्षणही करतो. फार तापलेल्या दिवशी शी-शूपुरते बाहेर नेऊन आणावे आणि घरात खाऊ लपवून तो हुंगत शोधायला लावावे. त्यात कुत्रा चांगलाच दमतो.

जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, लाळ घट्ट होणे, हिरड्या गडद लाल दिसणे, चाल अडखळणे, उलटी होणे ही उष्माघाताची लक्षणे होत. शरीराचे तापमान ४१ अंशांपुढे गेले की अवयवांना इजा होऊ लागते. अशा वेळी आधी थंड करणे आणि मग दवाखाना हा क्रम पाळावा: सावलीत नेऊन, मिळेल ते थंड पाणी अंगभर ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवल्यास आतली उष्णता कोंडते. शुद्ध हरपलेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी घालू नये. कुत्रा उठून बसला तरी पशुवैद्याकडे न्यावेच, कारण मूत्रपिंड निकामी होणे आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडणे हे परिणाम पुढच्या एक ते तीन दिवसांतही उद्भवू शकतात.