डोनर एरिया (त्वचारोपण)

त्वचारोपणासाठी रुग्णाच्याच शरीरावरून जिथून कातडीचा पातळ थर काढतात, त्या जागेला शल्यविभागात डोनर एरिया म्हणतात. भाजल्याने, अपघातात किंवा मधुमेही पायाच्या संसर्गात उघडी पडलेली मोठी जखम झाकायला ही कातडी लागते. सगळ्यांचे लक्ष त्या मूळ जखमेकडे असते. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्ण अनेकदा जास्त कण्हतो तो मांडीवरच्या या नव्या जखमेमुळे. थर कापताना अंतस्त्वचेतील असंख्य चेतातंतूंची टोके एकदम उघडी पडतात. ही जखम सर्जन जाणूनबुजून करतो, त्यामुळे तिची काळजी घेण्याची जबाबदारीही पूर्णपणे त्याचीच असते.

काढलेल्या थरात संपूर्ण बाह्यत्वचा आणि तिच्याखालील अंतस्त्वचेचा वरचा भाग येतो. जाडी साधारण ०.२ ते ०.४५ मिलिमीटर असते. मागे राहिलेल्या अंतस्त्वचेत केसांची मुळे, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी शिल्लक असतात. त्यांच्या अस्तरातील पेशी वर येऊन पृष्ठभागावर पसरतात, आणि टाके न घालता ही जखम सहसा १० ते १४ दिवसांत भरते. थर जितका पातळ, तितकी डोनर एरिया लवकर भरते. पण पातळ ग्राफ्ट (रोपणासाठी काढलेली कातडी) बसवलेल्या जागी पुढे जास्त आकसतो. गळा, कोपर, गुडघ्याची मागची बाजू अशा सांध्यांच्या ठिकाणी म्हणून थोडा जाड थर निवडतात, आणि त्याची किंमत डोनर एरियाला चुकवावी लागते. पूर्ण जाडीचा ग्राफ्ट वेगळा. तो कानामागून, गळपट्टीच्या हाडावरून किंवा जांघेतून घेतात आणि तिथली जखम टाक्यांनी बंद करतात. त्याचा विचार या नोंदीत नाही.

जागेची निवड

मांडी ही नेहमीची जागा: क्षेत्रफळ मोठे, पृष्ठभाग सपाट, ड्रेसिंग बांधायला सोपी. लहान मुले आणि तरुण रुग्णांमध्ये डाग कपड्याखाली झाकला जावा म्हणून कुल्ल्यांचा विचार अवश्य करावा. मात्र तिथे शौचाने ड्रेसिंग खराब होण्याचा धोका असतो. डोक्याची कातडी सर्वांत लवकर, पाच ते सात दिवसांत भरते, कारण तिथे केसांची मुळे दाट असतात. तिथून पुन्हा पुन्हा ग्राफ्ट घेता येतो आणि डाग केसांत लपतो. थर फार जाड घेतला तर मात्र केसांची मुळेच निघून जातात. मग टक्कल पडते आणि ग्राफ्टवर केस उगवतात. वृद्धांची आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची अंतस्त्वचा झिजलेली असते. तिथे पातळच थर घ्यावा.

कोड असलेल्या रुग्णात आणखी एक खबरदारी लागते. किमान वर्षभर नवा डाग आला नसेल, जुना वाढला नसेल, तरच रोपण करतात. आजार सक्रिय असताना कातडी काढली, तर डोनर एरियावरच नवे कोड उमटू शकते.

कातडी काढण्याची पद्धत

छोट्या ग्राफ्टसाठी स्थानिक भूल पुरते. अ‍ॅड्रेनालिनयुक्त लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला २ टक्के द्रावण २१ मिलिलिटरपर्यंत. मोठ्या क्षेत्रासाठी मणक्यातून किंवा पूर्ण भूल देतात आणि ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन मिसळून कातडीखाली टोचतात. याने रक्तस्राव कमी होतो आणि पृष्ठभाग फुगून सपाट होतो.

आधी लावलेले पॉव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक पुसून घेऊन कातडीवर आणि पात्यावर निर्जंतुक लिक्विड पॅराफिन लावतात. हम्बी नाइफ म्हणजे थराची जाडी ठरवणारा रूळ बसवलेला हातचाकू. त्याच्या रुळाचे पात्यापासूनचे अंतर आधी उजेडात धरून डोळ्यांनी तपासावे, केवळ आकड्यावर विसंबू नये. जुन्या नाइफचा आकडा आणि प्रत्यक्ष फट यांत फरक पडतो. साहाय्यक दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरतो. पाते जवळजवळ आडवे ठेवून, करवतीसारखे मागेपुढे हलवत पुढे सरकायचे. दाब असमान पडला की ग्राफ्टच्या कडा दातेरी होतात. विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या डर्माटोमने (कातडी काढण्याच्या यंत्राने) एकसारखी जाडी मिळते, पण पाते बोथट असेल तर तोही कातडी फाडतो.

खोली किती गेली हे रक्ताच्या ठिपक्यांवरून कळते. बारीक, दाट ठिपके म्हणजे थर पातळ. मोठे आणि विरळ ठिपके म्हणजे थर जाड. पिवळी चरबी दिसली की पाते फार खोल गेले. अशा वेळी तेवढा तुकडा लगेच परत जागेवर बसवावा किंवा जखम छोटी असेल तर टाके घालावेत. ती आपोआप भरेल म्हणून सोडून दिली, तर महिनाभर वाहत राहते आणि जाड व्रण उरतो.

लगेच अ‍ॅड्रेनालिनच्या सौम्य द्रावणात भिजवलेले गॉज दाबून पाच ते दहा मिनिटे ठेवतात. यात घाई करू नये. ड्रेसिंगखाली रक्त साचले तर ती चिकटते, कडक होते आणि वास मारते. गॉजवर ब्युपिव्हकेन हे बधिर करणारे औषध टाकल्यास पहिल्या काही तासांतील वेदना बऱ्याच कमी होतात.

ड्रेसिंग आणि त्यावरील संशोधन

आपल्याकडे व्हॅसलिन गॉज, त्यावर कोरड्या गॉजचे जाड थर आणि घट्ट बँडेज ही पद्धत सर्वत्र चालते. वरचे थर ओले झाले तर तेवढे बदलतात. आतला गॉज दोन आठवड्यांनी आपोआप सुटेपर्यंत ठेवतात. स्वस्त आहे, पण गॉजच्या जाळीत नवी कातडी गुंतते आणि ओढून काढताना ती सोलून निघते.

जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगात दाखवले की, पॉलिथिनखाली ओलसर राहिलेल्या उथळ जखमेवर, उघड्यावर वाळून खपली धरलेल्या जखमेच्या मानाने, बाह्यत्वचा सुमारे दुप्पट वेगाने तयार होते. खपली असली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. आजच्या बहुतेक ड्रेसिंग याच निरीक्षणावर उभ्या आहेत.

नेदरलँड्समधील १४ रुग्णालयांत २८८ रुग्णांवर सहा प्रकारच्या ड्रेसिंगची तुलना झाली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्रोकोलॉइड म्हणजे पाझर शोषून जेलसारखी होणारी, ओलावा टिकवणारी ड्रेसिंग. तिच्याखाली जखम भरायला मध्यक १६ दिवस लागले, इतर ड्रेसिंगखाली २३. गॉजमध्ये संसर्गाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होते.

आपल्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे. डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर वापरून त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने केळीच्या पानाच्या ड्रेसिंगच्या दोन चाचण्या घेतल्या. या चाचण्यांचे दोन्ही निबंध २००३ चे. डोनर एरियावर व्हॅसलिन गॉजशी तुलना करता केळीच्या पानाने वेदना कमी झाल्या आणि ते सहज निघाले. उथळ भाजलेल्या जखमांवर ते बटाट्याच्या सालीइतकेच परिणामकारक ठरले, शिवाय अकरा पट स्वस्त. पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि मेणचट असल्याने ते चिकटत नाही आणि ओलावाही टिकतो. पाने कापडाच्या पट्टीवर चिकटवून, गुंडाळून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करतात. परसातून तोडून, धुऊन थेट जखमेवर ठेवलेले पान म्हणजे हे ड्रेसिंग नव्हे. निर्जंतुकीकरण वगळले तर संसर्गाला आमंत्रणच. हायड्रोकोलॉइडचा खर्च न झेपणाऱ्या रुग्णालयांनी या कामाकडे गांभीर्याने पाहायला हवे.

अशा चाचण्या वाचताना काही गोष्टी तपासाव्यात. एकाच रुग्णाच्या डोनर एरियाचे दोन भाग करून दोन ड्रेसिंग लावली असतील, तर वय, पोषण, मधुमेह हे फरक आपोआप बाद होतात. मात्र खालच्या भागात वरचा पाझर उतरतो, म्हणून कोणत्या भागाला काय लावायचे हे सोडतीने ठरायला हवे. ‘जखम भरली’ याची व्याख्याही पाहावी. पारदर्शक फिल्मच्या ड्रेसिंगमधून रोज पाहता येते, चिकटलेल्या गॉजखाली नाही. त्यामुळे गॉजच्या गटातील दिवस जास्त दिसण्यात तपासणीच्या वेळेचाही वाटा असू शकतो. वेदना मोजताना विश्रांतीच्या, चालतानाच्या आणि ड्रेसिंग बदलतानाच्या वेगवेगळ्या नोंदल्या नसतील, तर सरासरीतून फारसे काही कळत नाही.

काय बिघडते

चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढणे, ताप, दुर्गंधी, कडेला लाली ही संसर्गाची लक्षणे. हिरवट पाझर दिसला तर बहुधा स्यूडोमोनास हे जंतू. अशा वेळी ‘आपोआप सुटेल’ म्हणून थांबू नये. सलाइनने भिजवून ड्रेसिंग पूर्ण काढावी, स्वॅब घ्यावा, रोज धुऊन जंतुनाशक ड्रेसिंग करावी. दुर्लक्ष झाले तर उरलेली अंतस्त्वचा नष्ट होते आणि डोनर एरियावरच ग्राफ्ट बसवायची वेळ येते. तीन आठवड्यांत न भरलेल्या जागी जाड, खाजरा व्रण येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. फिल्मखाली पाणी साचून गळणे ही मात्र किरकोळ बाब आहे. सुईने ओढून घ्यावे, फिल्म काढू नये.

भरल्यानंतरची काळजी

नव्या कातडीत तेलग्रंथींचे काम मंदावलेले असते, म्हणून ती कोरडी पडते, तडकते, खाजते. दिवसातून तीन-चार वेळा खोबरेल तेल हलक्या हाताने चोळावे. नखाने खाजवल्यास फोड येतात. रंग कित्येक महिने गडद किंवा फिकट राहतो. सावळ्या वर्णात तो कायमही राहू शकतो आणि हे रुग्णाला शस्त्रक्रियेआधीच सांगणे आवश्यक आहे. ऊन वर्षभर टाळावे.

त्याच जागेवरून पुन्हा कातडी घ्यायची असेल, तर ती पूर्ण भरल्यावर, सहसा दोन ते तीन आठवड्यांनी घेतात. दर वेळी अंतस्त्वचा पातळ होते, म्हणून दुसऱ्या खेपेची जखम उशिरा भरते. शरीराचा मोठा भाग भाजलेल्या रुग्णाकडे निरोगी कातडीच अपुरी असते. मग ग्राफ्टला मशीनने जाळी पाडून तो दीडपट किंवा तिप्पट ताणतात, आणि डोनर एरिया पुन्हा तयार होईपर्यंत मृत्यूनंतर दान केलेल्या कातडीने जखमा झाकून ठेवतात. शीवच्या रुग्णालयात २००० साली यासाठी त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढलेली कातडी ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ अंश सेल्सिअसला पाच वर्षांपर्यंत टिकते. रक्तगट जुळण्याची गरज नसते. ती कायमची रुजत नाही, काही आठवड्यांत सुटून येते. तेवढ्या अवधीत रुग्णाची मांडी पुढच्या ग्राफ्टसाठी तयार होते.